हजार तासांचे वर्ष

अमेरिकेत लोखंडी सांगाडे उभारणारा, विजेच्या तारा ओढणारा किंवा नळजोडणी करणारा कामगार एका कंत्राटदाराकडे सहसा फार काळ टिकत नाही, आणि त्यात त्याचाही दोष नसतो आणि कंत्राटदाराचाही; इमारत पुरी झाली की काम संपते, कामगार दुसऱ्या इमारतीवर जातो आणि तिथला मालक वेगळा असतो. अशा माणसाने चाळीस वर्षे अखंड कष्ट केले तरी कोणत्याही एका मालकाच्या दप्तरात त्याची सलग पाच वर्षांची नोकरी सापडेलच याची खात्री नसते. त्यामुळे ‘अमुक कंपनीत तीस वर्षे सेवा’ या पायावर उभे असलेले निवृत्तिवेतन त्याच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. विसाव्या शतकात तिथल्या कामगार संघटनांनी यावर जो तोडगा काढला तो असा, की सेवा मालकाकडे न मोजता धंद्यात मोजायची आणि ती तासांनी मोजायची. प्रत्येक कंत्राटदाराने आपल्याकडे झालेल्या कामाच्या दर तासामागे ठरलेली रक्कम एका सामाईक निधीत भरायची, निधीने ते तास त्या त्या कामगाराच्या नावावर जमा करायचे आणि वर्षाकाठी ठरावीक तास भरले की पेन्शनच्या हिशेबात त्याला एका वर्षाचे ‘क्रेडिट’ द्यायचे. या पद्धतीने कामगाराचे म्हातारपण मालकाच्या मर्जीतून सोडवले, हे तिचे मोठे श्रेय आहे. परंतु त्याच वेळी तिने ते साऱ्या धंद्याच्या नशिबाशी बांधून टाकले, आणि त्याची किंमत पुढे लाखो निवृत्तांना मोजावी लागण्याची वेळ आली.

मालकांनी दिलेल्या पेन्शनचा इतिहास याहून जुना आहे. तेव्हा मालवाहतुकीच्या व्यवसायात असलेल्या अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने १८७५ मध्ये त्या देशातील पहिली खासगी पेन्शन योजना सुरू केली. तिचा लाभ साठ वर्षे पुरी केलेल्या, वीस वर्षे सेवा झालेल्या आणि शिवाय काम करण्यास कायमचे असमर्थ ठरलेल्या नोकरांपुरताच होता. त्यानंतर १८८० मध्ये बाल्टिमोर अँड ओहायो आणि १९०० मध्ये पेनसिल्व्हेनिया या रेल्वे कंपन्यांनी आपापल्या योजना आखल्या. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे सूत्र सुटसुटीत होते: अखेरच्या दहा वर्षांच्या सरासरी वेतनाचा एक टक्का गुणिले सेवेची एकूण वर्षे. सूत्र कितीही सुटसुटीत असले तरी कायद्याच्या दृष्टीने ही रक्कम बक्षिसीच होती. ती देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते, योजना केव्हाही गुंडाळता येत होती, आणि सेवा अखंड असण्याची अट अशी होती की संपात उतरलेल्या माणसाची मागची सारी वर्षे पुसली जाण्याची भीती असे. म्हाताऱ्या नोकरांची सोय हा या योजनांचा एक हेतू असेल, पण तरुण नोकरांना संघटनेपासून दूर ठेवणे हा त्याच्याइतकाच खरा हेतू होता.

संघटनांनी प्रथम स्वतःच्या बळावर उत्तर शोधले. ग्रॅनाइट घडवणाऱ्या पाथरवटांच्या संघटनेने १९०५ मध्ये, आणि त्यानंतर काही वर्षांच्या अंतराने छपाईकामगार व गवंडी यांच्या संघटनांनी, वृद्ध सभासदांना भत्ता देण्यास आरंभ केला. इथे माप होते ते सभासदत्वाच्या वर्षांचे आणि पैसा होता तो तरुण सभासदांच्या वर्गणीचा. आजच्या वर्गणीतून आजच्या म्हाताऱ्यांना द्यायचे, पुढची तरतूद काही नाही, अशी ही व्यवस्था १९२९ नंतरच्या महामंदीत कोसळली. काम नाही म्हणून वर्गणी नाही आणि वर्गणी नाही म्हणून भत्ता नाही. त्या मंदीच्या तोंडावरच, १९२९ मध्ये, न्यूयॉर्कच्या वीजकामगारांची ‘लोकल ३’ ही शाखा आणि तिथले वीज-कंत्राटदार यांनी करार करून अनेक मालकांनी मिळून भरायचा पेन्शन निधी उभारला. पुढच्या साऱ्या इमारतीचा हा पहिला दगड. पण पुढची कित्येक वर्षे त्याच्यावर दुसरा दगड ठेवण्याची घाई कोणी केली नाही.

घाई झाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. १९४२ पासून मजुरीवाढीवर सरकारी नियंत्रण आले, मात्र विमा आणि पेन्शन यांसारखे लाभ त्या नियंत्रणातून बऱ्याच अंशी मोकळे राहिले, आणि मजुरी वाढवून मागता येत नसेल तर मजुरीबाहेरचे मागावे हे संघटनांच्या ध्यानात आले. ही मागणी सर्वांत आक्रमकपणे लढली ती कोळसा खाणकामगारांच्या संघटनेने. तिचा अध्यक्ष जॉन एल. लुइस हा दाट भुवयांचा, बायबलच्या भाषेत गर्जणारा आणि राष्ट्राध्यक्षांनाही न जुमानणारा पुढारी होता. १९४६ च्या वसंतात खाणी बंद पडल्या, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या सरकारने त्या ताब्यात घेतल्या, आणि मालकांऐवजी सरकारच वाटाघाटीला बसल्यामुळे मालकांनी कधीही न दिलेली गोष्ट लुइसच्या पदरात पडली: अंतर्गत व्यवहार खात्याचे मंत्री ज्यूलियस क्रुग यांच्याशी २९ मे १९४६ रोजी झालेल्या करारानुसार खाणीतून निघणाऱ्या दर टन कोळशामागे ५ सेंट कामगारांच्या कल्याण व निवृत्ती निधीत जमा होऊ लागले. ही रक्कम १९४७ मध्ये १० सेंट, १९४८ मध्ये २० सेंट आणि १९५२ पर्यंत ४० सेंट झाली. १९४८ पासून ६२ वर्षे वयाच्या पात्र खाणकामगाराला महिना १०० डॉलर पेन्शन मिळू लागली.

वसुली टनावर ठेवण्यात लुइसचा हिशेब होता. खाणीत यंत्रे येणार आणि माणसे कमी होणार हे त्याने मान्यच केले होते. त्याचे म्हणणे एवढेच, की यंत्राने काढलेल्या कोळशावरही निधीचा हक्क असावा. तासावर वसुली ठेवली असती तर प्रत्येक नव्या यंत्राबरोबर निधीची आवक आटली असती. १९४०च्या दशकाच्या अखेरीस चार लाखांहून अधिक असलेले दगडी कोळशाचे खाणकामगार १९६०च्या दशकाच्या मध्याला दीड लाखाच्याही खाली आले, तरी टनावरची आवक चालू राहिली ती यामुळेच. दुसरीकडे पात्रतेच्या अटीत मात्र हे शहाणपण नव्हते. अर्जाच्या आधीच्या ३० वर्षांत २० वर्षे खाणकाम झालेले असावे अशी अट १९५३ मध्ये आली, आणि तरुणपणी पंचवीस वर्षे खाणीत राबून मग खाण बंद पडली म्हणून शहरात गेलेला माणूस तिच्यात बसेनासा झाला. १९३७ नंतरच्या कामाची नोंद सरकारी सामाजिक सुरक्षा खात्यात होती. त्याआधीचे काम सिद्ध करायचे तर जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि बरोबर काम केलेल्यांच्या साक्षी गोळा कराव्या लागत, आणि ज्या खाणीत काम केले ती बंद होऊन तिचे दप्तरही नाहीसे झालेले असे. गरिबांचे अर्ज नाकारले जात असताना निधीचा मोठा पैसा संघटनेच्याच मालकीच्या नॅशनल बँक ऑफ वॉशिंग्टन या बँकेत बिनव्याजी पडून होता. ‘ब्लँकेनशिप विरुद्ध बॉइल’ या खटल्यात न्यायाधीश गेसेल यांनी १९७१ मध्ये त्यावर कठोर निकाल दिला आणि तो व्यवहार थांबवला.

लुइसच्या विजयाने घाबरलेल्या अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९४७ मध्ये, ट्रूमन यांचा नकाराधिकार बाजूला सारून, टाफ्ट-हार्टली कायदा केला. संघटनांना वेसण घालण्यासाठी आलेल्या या कायद्यात एक उपकलम असे होते की ज्याने संघटनांच्या पेन्शन निधींना पुढच्या पाऊणशे वर्षांचे रूप दिले: मालकाचा पैसा संघटनेच्या तिजोरीत जाता कामा नये, तो स्वतंत्र विश्वस्त निधीत जावा, त्या निधीवर मालक आणि कामगार यांचे समसमान विश्वस्त असावेत, त्यांच्यात पेच पडल्यास त्रयस्थ लवाद असावा, आणि पैसा कोणत्या आधारावर भरायचा व द्यायचा हे लेखी करारात तपशिलाने नोंदलेले असावे. ‘तपशिलाने’ या अटीला तासाइतके सोयीचे माप दुसरे नव्हते. बांधकामाच्या धंद्यात मजुरी तासावरच ठरत होती, हजेरीपट तासांचेच होते. तेव्हा मजुरीच्या खाली आणखी एक ओळ घालून ‘पेन्शन निधी, तासाला इतके सेंट’ असे लिहिले की काम भागत होते. आजही अनेक ठिकाणी करार होतो तो तासामागच्या एकूण वाढीचा, आणि त्या वाढीतले किती सेंट हातात घ्यायचे, किती आरोग्य विम्याला द्यायचे आणि किती पेन्शनला, हे शाखेचे सभासद सभेत मतदानाने ठरवतात. यामुळे पेन्शनचा पैसा नावाला मालक भरतो, प्रत्यक्षात ती कामगाराने पुढे ढकललेली स्वतःची मजुरीच असते. सभागृहात हात वर करताना प्रत्येक सभासदाला हे कळत असते.

या व्यवस्थेचा कणा म्हणजे कंत्राटदाराने दरमहा पाठवायचे विवरणपत्र. त्यात प्रत्येक कामगाराचे नाव, त्याचा सामाजिक सुरक्षा क्रमांक, महिन्यातील तास, तासाचा दर आणि भरायची रक्कम अशा रांगा असतात, आणि ते पुढच्या महिन्याच्या ठरलेल्या तारखेपर्यंत धनादेशासह निधीच्या कचेरीत पोहोचणे बंधनकारक असते. कचेरीतला कारकून ते तास कामगाराच्या खात्यात चढवतो. वर्षाअखेरीस कामगाराला त्याचा उतारा मिळतो, आणि शहाणा कामगार तो आपल्या पगाराच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहतो. ताडून पाहण्याची गरज असते, कारण तास चोरण्याच्या वाटा अनेक आहेत. कंत्राटदार १६० तासांचे काम करून घेतो आणि १२० दाखवतो, उरलेल्या तासांचे पैसे रोखीने देतो, आणि तरुण कामगाराला ते त्या दिवशी बरेही वाटते. त्या ४० तासांची किंमत कळते ती पस्तीस वर्षांनी. निधीचे तपासनीस यासाठीच कंत्राटदारांचे पगारपट तपासत फिरतात, आणि थकलेली रक्कम वसूल करण्याचा निधीचा अधिकार १९८० च्या एका कायद्याने अधिक कडक केला. जादा कामाचा तास दीडपट मजुरीचा असला तरी पेन्शनसाठी तो एकच धरायचा की दीड, हेही करारातल्या शब्दांवर ठरते: काही ठिकाणी वर्गणी काम केलेल्या तासावर असते, काही ठिकाणी मजुरी दिलेल्या तासावर.

क्रेडिटचा हिशेब एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एखाद्या निधीत १,८०० तासांना पूर्ण क्रेडिट आणि प्रत्येक क्रेडिटमागे महिना ६० डॉलर पेन्शन असा नियम आहे असे धरू. भरभराटीच्या वर्षी २,००० तास भरणाऱ्या सुताराला एकच क्रेडिट मिळते, वरचे २०० तास निधीला फुकट जातात. मंदीच्या वर्षी १,२०० तास झाले तर दोन तृतीयांश क्रेडिट, म्हणजे ४० डॉलर. आणि पाय मोडून घरी बसावे लागल्याने ४०० तासच झाले तर बहुधा काहीच नाही. अशी ३० क्रेडिटे जमली की महिना १,८०० डॉलर. काही निधी क्रेडिटऐवजी भरलेल्या रकमेचा ठरावीक टक्का पेन्शन म्हणून देतात, त्यात वरचे तास फुकट जात नाहीत. कामाच्या शोधात दुसऱ्या राज्यात गेलेल्या कामगारासाठी शाखांनी आपसात देवघेवीचे करार केले: एका प्रकारात पैसा माणसामागोमाग त्याच्या घरच्या निधीकडे पाठवला जातो, दुसऱ्यात तास जिथल्या तिथे राहतात पण पात्रतेसाठी दोन्हीकडचे एकत्र मोजले जातात आणि प्रत्येक निधी आपापल्या तुकड्याची पेन्शन देतो.

पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांमध्ये तास मोजण्याची सवय पेन्शनच्या आधीपासूनच होती. १९३४ च्या मोठ्या संपानंतर मुकादमाच्या मर्जीने माणसे निवडण्याची पद्धत मोडून संघटनेच्या ताब्यातले कामवाटप सुरू झाले, आणि तिथे ज्याचे तास सर्वांत कमी भरले असतील त्याला आधी काम, असा साधा नियम चालू लागला. त्यांचे पुढारी हॅरी ब्रिजेस यांनी १९६० मध्ये जहाज कंपन्यांशी यांत्रिकीकरणाचा जो करार केला त्यात लुइसचाच धडा वेगळ्या रूपात दिसतो. यंत्रे आणण्यास संघटना अडवणार नाही, त्याच्या मोबदल्यात साडेपाच वर्षांत २.९ कोटी डॉलर निधीत भरायचे, कायम कामगाराला कामावरून कमी करायचे नाही, आणि २५ वर्षे काम करून ६५ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला पेन्शनशिवाय ७,९२० डॉलर द्यायचे. तासाची पद्धत ज्यांच्या अंगवळणी पडली होती, त्यांनीही यंत्रांबरोबर तास आटतात ही तिच्यातली मेख ओळखली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मालक सतत बदलण्याचा हा प्रश्न मुंबईच्या बाजारातील हमालांपुढेही होता, आणि अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून आलेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याने त्याला दिलेले उत्तर याच कुळातले आहे: मालक अनेक, मंडळ एक, आणि मजुरीवरची लेव्ही त्या मंडळात. फरक असा, की माथाडी मंडळात कामगाराचा भविष्यनिर्वाह निधी त्याच्या नावावरचा पैसा म्हणून साठतो, तर अमेरिकन पद्धतीत कामगाराच्या नावावर साठतात ते तास, आणि पैसा सर्वांचा मिळून एक असतो.

अमेरिकेत १९५५ मध्ये ट्रकचालकांच्या टीमस्टर्स संघटनेने जिमी हॉफा यांच्या पुढाकाराने ‘सेंट्रल स्टेट्स’ हा निधी उभारला. लास वेगासच्या जुगारगृहांना त्याने दिलेल्या कर्जांमुळे तो कुप्रसिद्ध झाला आणि १९८२ मध्ये न्यायालयाच्या देखरेखीखाली आला, हा भाग चित्रपटांनीही रंगवला आहे. त्या रंगीत कथेपेक्षा शिकागोच्या ‘लोकल ७०५’ या शाखेच्या छोट्या निधीतील एका प्रकरणातून अधिक शिकता येते. १९५४ मध्ये सुरू झालेल्या त्या निधीत मालक दर कामगारामागे आठवड्याला प्रथम २ डॉलर आणि पुढे वाढत वाढत २१.५० डॉलर भरत, आणि पेन्शनची अट होती सलग २० वर्षांच्या सेवेची. जॉन डॅनियल या चालकाने १९५० पासून १९७३ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षांहून अधिक, काम केले आणि अर्ज केला तेव्हा तो नाकारला गेला. डिसेंबर १९६० ते एप्रिल १९६१ या काळात त्याला कामावरून कमी केले होते, आणि एप्रिल ते जुलै या काळात त्याचे काम चालू असूनही मालकाच्या हिशेबनिसाने पैसे हडप केल्यामुळे त्याची वर्गणी भरली गेली नव्हती. ही सात महिन्यांची वर्गणी त्याने स्वतः भरली असती तर सेवा अखंड राहिली असती, पण तसे झाले नव्हते. रोख्यांच्या विक्रीत फसवणूक होते तशी ही फसवणूक आहे, असा दावा त्याने लावला आणि खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र जानेवारी १९७९ मध्ये, सक्तीची व कामगाराची स्वतःची वर्गणी नसलेली पेन्शन योजना म्हणजे रोखे नव्हेत, असे म्हणून तो फेटाळला. निकाल कायद्याच्या चौकटीत बरोबर असेलही. बावीस वर्षांतून सात महिने वजा करून बाकी शून्य काढणारा तो नियम मात्र कोणत्याही चौकटीत न्याय्य म्हणता येणार नाही.

तोपर्यंत अशा प्रकरणांसाठी नवा कायदा आला होता, पण तो डॅनियलच्या निवृत्तीनंतरचा होता. डिसेंबर १९६३ मध्ये इंडियाना राज्यातील साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटारींचा कारखाना बंद पडला आणि ४० ते ५९ वयाच्या, दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्या चार हजारांहून अधिक कामगारांना हक्काच्या पेन्शनपैकी डॉलरमागे सुमारे १५ सेंट मिळाले. या धक्क्यानंतर सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी वर्षानुवर्षे लावून धरलेला कायदा २ सप्टेंबर १९७४ रोजी, कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने अमलात आला. ‘एरिसा’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. कायद्याने तासाला प्रथमच देशभर एक अर्थ दिला. बारा महिन्यांत १,००० तास भरले की सेवेचे एक वर्ष. आठवड्याला ४० तासांप्रमाणे पूर्ण वर्ष २,०८० तासांचे होते, म्हणजे अर्ध्याहून कमी कामातही वर्ष पदरात पडते. वर्षात ५०० पेक्षा अधिक तास भरले नाहीत तर ते सेवेतील खंडाचे वर्ष. या दोन आकड्यांमधल्या पट्टीत असलेल्या माणसाला वर्षही मिळत नाही आणि खंडही पडत नाही. काम न करताही पैसे मिळालेले तास, म्हणजे रजा, आजारपण, सुट्टी, मोजायचे, पण सलग एका काळात ५०१ पर्यंतच. आणि १९८४ च्या दुरुस्तीने बाळंतपणाच्या रजेलाही खंड टाळण्यापुरते ५०१ तास दिले. हा वरचा एक तास विनोदी वाटतो, पण खंडाच्या रेषेपलीकडे माणसाला नेऊन ठेवण्याचे काम तोच करतो. ज्या धंद्यात तासांची नोंदच राहत नाही तिथे दिवसाला १०, आठवड्याला ४५, महिन्याला १९० तास धरण्याची मुभा मिळाली, आणि समुद्रावर राबणाऱ्या खलाशासाठी १२५ दिवस म्हणजे हजार तास असे ठरले.

या हजार तासांविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. कायद्यातले सेवेचे वर्ष प्रामुख्याने पेन्शनवरचा हक्क पक्का होण्यासाठी मोजले जाते. पेन्शन किती मिळणार हे ठरवणारे क्रेडिट ही वेगळी मोजणी असून तिचे तास निधी आपल्या नियमांनी ठरवतो. हक्क पक्का होणे म्हणजे त्यानंतर धंदा सोडला तरी जमलेली पेन्शन बुडत नाही. अनेक मालकांच्या निधीत त्यासाठी दीर्घकाळ दहा वर्षे लागत. १९९६ च्या कायद्याने ती पाचवर आणली. नऊ वर्षे भरून धंदा सोडलेल्या जुन्या पिढीतील कामगारांचे तास निधीतच राहिले, आणि टिकून राहिलेल्यांच्या पेन्शनला त्यांचा हातभार लागला.

निवृत्तीनंतर तास उलट्या बाजूने मोजले जातात. पेन्शन घेणारा माणूस त्याच धंद्यात, त्याच कामात आणि त्याच भागात महिन्याला ४० किंवा अधिक तास काम करू लागला तर त्या महिन्याची पेन्शन रोखण्याची मुभा निधीला आहे. तरुणांचे काम म्हाताऱ्यांनी कमी मजुरीत पळवू नये हा त्यामागचा हेतू. मात्र निवृत्तीच्या वेळी ज्या कामाला मुभा होती त्याला नंतर बंदी घालून पेन्शन थांबवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सेंट्रल लेबरर्स विरुद्ध हाइन्झ’ या खटल्यात एकमताने सांगितले.

वैयक्तिक हक्क असे एकेक करून पक्के होत गेले, पण ज्यातून पैसा यायचा ते धंद्यातले एकूण तास कमी होऊ लागले, आणि यावर एरिसापाशी उत्तर नव्हते. १९८० च्या मोटार वाहतूक कायद्याने ट्रकधंद्यावरचे नियंत्रण उठवले, स्वस्त दराच्या बिनसंघटित कंपन्या आल्या आणि टीमस्टर्सशी करार असलेल्या जुन्या कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. बंद पडलेल्या कंपनीच्या चालकांची पेन्शन मात्र निधीच्याच डोक्यावर राहिली, म्हणजे उरलेल्या मालकांच्या. १९८० मध्येच काँग्रेसने निधी सोडून जाणाऱ्या मालकावर त्याच्या वाट्याची तूट भरण्याची जबाबदारी टाकली. तिचा परिणाम दुहेरी झाला, कारण आत असलेल्यांना बाहेर पडणे महाग झाले तसेच बाहेरच्या नव्या मालकांना आत येण्याची भीती वाटू लागली. यूपीएस ही सेंट्रल स्टेट्समधील मोठी आणि सुस्थितीतील कंपनी २००७ मध्ये ६.१ अब्ज डॉलर मोजून बाहेर पडली, आणि पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला. सरकारी पेन्शन हमी महामंडळाचा आधारही तोकडा होता: अनेक मालकांच्या निधीसाठी त्याची हमी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे महिना जास्तीत जास्त ३५.७५ डॉलर, म्हणजे ३० वर्षे काम केलेल्याला वर्षाला १२,८७० डॉलर, आणि खुद्द महामंडळाचा हा विभागच दिवाळखोरीच्या वाटेवर होता.

२०१४ मध्ये जे चाळीस वर्षे निषिद्ध मानले गेले होते ते कायदेशीर झाले: बुडू घातलेल्या निधीला, आधीच निवृत्त झालेल्यांचीही पेन्शन कापण्याची परवानगी मागता येऊ लागली. सेंट्रल स्टेट्सचा अर्ज अर्थखात्याने मे २०१६ मध्ये फेटाळला, पण क्लीव्हलँडच्या लोहकामगारांच्या ‘लोकल १७’ या शाखेच्या निधीत २०१७ मध्ये कपात प्रत्यक्ष झाली. निवृत्त ट्रकचालकांनी राज्याराज्यांत समित्या काढून याविरुद्ध जो लढा दिला, त्याचा एक पुढारी, ओहायोचा बुच लुइस, २०१५ च्या अखेरच्या दिवशी वारला. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विधेयकाचा गाभा मार्च २०२१ च्या कोविड साहाय्य कायद्यात आला आणि बुडत्या निधींना सरकारी तिजोरीतून, परतफेडीच्या अटीविना, पैसा मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये एकट्या सेंट्रल स्टेट्सला सुमारे ३६ अब्ज डॉलर जाहीर झाले आणि साडेतीन लाखांहून अधिक कामगार व निवृत्तांची पेन्शन वाचली.

या मदतीवर, करदात्याने खासगी करारातली तूट का भरावी, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो सर्वस्वी गैरलागू नाही. पण कामगाराने आपल्या बाजूचा करार तासातासाने पाळला होता आणि त्याच्या मजुरीतून ते सेंट आधीच वळते झाले होते. ज्या कायद्याने त्याचा धंदा उघड्यावर टाकला तोही सरकारचाच होता, हे ध्यानात घेता मदतीला उपकार म्हणणे बरोबर नाही. तिची मुदत मात्र स्पष्ट आहे. निधींना दिलेली रक्कम २०५१ पर्यंतची देणी भागावीत अशा बेताने ठरवलेली आहे. २०२१ मध्ये विसाव्या वर्षी उमेदवारी सुरू करून पहिले हजार तास भरणारा मुलगा तेव्हा पन्नास वर्षांचा असेल, आणि वयाच्या ६५ व्या वर्षी निवृत्त व्हायला त्याला आणखी १५ वर्षे बाकी असतील.